बिबट्याची नमुना सही

गेल्या वर्षीची, कार्तिक महिन्यातली गोष्ट. आमची सोसायटी मुलुंडच्या पश्चिमेस, डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. मागच्या कुंपणभिंतीपलीकडे एक नाला, नाल्यापलीकडे झाडी आणि झाडीपलीकडे थेट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला सोसायट्या खजिनदारकीतून सुटू देत नाहीत, त्यामुळे हिशेबाच्या वह्यांबरोबर सीसीटीव्हीची जबाबदारीही माझ्याकडेच आली आहे. त्या दिवशी सकाळी रात्रपाळीच्या वॉचमनने मला फाटकाशी थांबवले आणि हलक्या आवाजात म्हणाला, “साहेब, रात्री वाघ आला होता. मागच्या कॅमेऱ्यात बघा.”

मुंबईच्या कडेने राहणारी माणसे बिबट्याला वाघच म्हणतात. मी कार्यालयात जाऊन रेकॉर्डिंग मागे नेले. २ वाजून ४७ मिनिटांनी भिंतीवरून एक सावली अलगद खाली उतरली, पार्किंगमधल्या दोन मोटारींच्या मधून चालत आली, क्षणभर थांबून तिने कॅमेऱ्याच्या दिशेने पाहिले आणि पुन्हा भिंतीवर चढून दिसेनाशी झाली. सगळे मिळून ३८ सेकंद. माझ्या अंगावर काटा आला आणि, खरे सांगायचे तर, आनंदही झाला. चाळीस वर्षे लेजरच्या रकान्यांत घालवलेल्या माणसाच्या वाट्याला असे दृश्य कितीदा येते? मी ती चित्रफीत मोबाइलवर घेतली, “आपल्याकडे रात्री पाहुणा!” अशी ओळ लिहिली आणि सोसायटीच्या समूहावर पाठवून दिली. बोटाला एवढी घाई बँकेत कधीच झाली नव्हती. तेथे दुसऱ्याच्या सहीशिवाय एक कागद पुढे जात नसे.

दुपारपर्यंत ती चित्रफीत आमच्या सोसायटीची उरली नव्हती. माझ्या पुण्याच्या मेहुण्यांनी ती मलाच परत पाठवली, खाली लिहिले होते, “मुलुंडमध्ये नरभक्षक बिबट्याचा धुमाकूळ.” संध्याकाळी सातच्या सुमारास मागच्या भिंतीशी माणसे जमू लागली. आठ वाजता दीडशे-दोनशे जण असावेत. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि मोबाइलचा दिवा नाल्याकडे रोखलेला. काही मुले भिंतीवर चढून बसली होती. झाडीत काहीतरी हलले असे कोणीतरी ओरडले, दुसऱ्याने दगड भिरकावला, आणि पुढच्या दहा सेकंदांत काय घडले ते कोणालाच नीट सांगता येत नाही. बिबट्या नाल्यातून निघून माणसांच्या कडेने धावत गेला, एवढे मात्र खरे. त्याने कोणाला स्पर्शही केला नाही. पण लोक एकमेकांवर कोसळले आणि भिंतीवरचा एक चौदा वर्षांचा मुलगा खाली पडून त्याचे मनगट मोडले. शेवटी एवढ्या माणसांपैकी एकाच्याही मोबाइलमध्ये धड छायाचित्र आले नाही.

नाल्याच्या काठाला, भिंतीला टेकून, वॉचमनची पत्र्याची खोली आहे. गर्दी पांगल्यावर आम्ही तिकडे गेलो तेव्हा त्याची पत्नी तीन वर्षांच्या मुलीला पोटाशी घेऊन आतून कडी लावून बसली होती. बिचकलेला बिबट्या तिच्या दारावरूनच गेला होता.

वनखात्याची माणसे आली. वनपालांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, “काका, व्हिडिओ पहिल्यांदा पाठवला कोणी?” मी हात वर केला. शाळेत असतानाही अशा रीतीने हात वर करण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “तो रोजच येत असेल हो. काल तुम्ही पाहिला, एवढेच नवीन.”

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो आणि वाचायला बसलो. काय हाती लागले ते आज या सदरातून आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकजण बोरिवलीच्या उद्यानातील तीन मूर्ती मंदिरात दर्शनाला जातात. अनेकांची दुकाने आणि घरे बोरिवली, मुलुंड, ठाणे या पट्ट्यात आहेत. आणि सांगली, कोल्हापूर, नगर, जुन्नरकडे ज्यांचे मूळ घर आहे त्यांना उसातला बिबट्या काही नवा नाही. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंना मुंबई-ठाण्याची दाट वस्ती आहे. या उद्यानात बिबट्या पूर्वापार आहे. मात्र तो किती, कोठे आणि कसा राहतो याची नोंद फार काळ नव्हती. २००४ साली या परिसरात माणसांवर लागोपाठ हल्ले झाले, अनेकांचे जीव गेले, आणि पिंजरे लावा, पकडा, दूर नेऊन सोडा, अशी मागणी उसळली. पुढे जुन्नर भागातील अनुभवाचा अभ्यास झाला तेव्हा ध्यानात आले की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्याने तंटा मिटत नाही, उलट वाढतो. अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी बिथरतो, आपल्या घराकडे परतू पाहतो, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. एका शाखेतली बुडीत खाती दुसऱ्या शाखेकडे वर्ग केल्याने बँकेचा तोटा कमी होत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे समजण्यास अडचण पडू नये.

परतण्याची ही ओढ किती असते याचा पुरावा म्हणजे ‘आजोबा’ हा बिबट्या. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या नराला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. तेथून तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या उद्यानाच्या परिसरात येऊन पोहोचला. वाटेत गावे होती, रस्ते होते, लोहमार्ग होता, खाडी होती. त्याने कोठेही कोणाला इजा केली नाही. २०११ साली महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला. या सगळ्या प्रवासात तो शेकडो घरांजवळून गेला असणार, आणि त्या घरांतील माणसांना त्याची चाहूलही लागली नसणार. वनपालांच्या वाक्याचा अर्थ मला येथे उमगला.

आता छायाचित्रणाकडे वळतो, कारण या न दिसणाऱ्या शेजाऱ्याची ओळख आपल्याला करून दिली ती कॅमेऱ्यानेच.

रात्री प्राण्याने स्वतःच आपले छायाचित्र काढावे, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी वाटेवर तार ताणून, प्राण्याचा पाय लागताच दिवा भडकून छायाचित्र निघेल अशी सोय केली. त्यांची ७४ छायाचित्रे १९०६ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने छापली. आपल्याकडे उत्तरेच्या जंगलांत एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यांनी १९२० च्या दशकात याच युक्तीने वाघांची छायाचित्रे मिळवली. इतर साहेब बंदूक घेऊन मचाणावर बसत त्या काळात हा गृहस्थ कॅमेरा लावून घरी जात असे. १९९० च्या दशकात नागरहोळे येथे डॉ. उल्हास कारंथ यांनी या पद्धतीला गणिताची जोड देऊन वाघांच्या मोजणीचे शास्त्र उभे केले.

आजचा कॅमेरा ट्रॅप म्हणजे वीतभर लांबीची एक पेटी असते. ती झाडाला किंवा खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. तिच्यात उष्णता आणि हालचाल टिपणारा संवेदक असतो. ऊबदार शरीर समोरून गेले की छायाचित्र निघते, आणि त्यावर तारीख-वेळ आपोआप उमटते. माणसाला तेथे थांबावे लागत नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर असे दोन कॅमेरे लावतात, आणि या जोडीचे कारण समजले तेव्हा मला माझ्या नोकरीचे पहिले वर्ष आठवले.

बिबट्याच्या अंगावरील ठिपके म्हणजे सुटे टिंब नसतात. चार-पाच काळे डाग मिळून एकेक फूल झालेले असते. या फुलांची मांडणी कोणत्याही दोन बिबट्यांत सारखी नसते आणि ती आयुष्यभर बदलत नाही. शिवाय एकाच बिबट्याच्या डाव्या अंगावरची मांडणी उजव्या अंगावर नसते. म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाच वेळी हवीत. बँकेत मी रुजू झालो तेव्हा मला पहिल्यांदा बसवले ते नमुना सहीच्या कार्डांपाशी. चेकवरची सही कार्डावरच्या सहीशी ताडून पाहायची, वळण जुळले तरच पैसे द्यायचे. संशोधक नेमके हेच करतात. नवे छायाचित्र आले की जुन्या नोंदींतील प्रत्येक बिबट्याशी ते ताडायचे. जुळले तर जुना खातेदार, न जुळले तर नवे खाते. या पद्धतीने २०१५ साली निकित सुर्वे या तरुण संशोधकाने वनखात्याच्या साहाय्याने उद्यान आणि लगतच्या परिसरात ३५ बिबटे ओळखले. २०१८ च्या पाहणीत ही संख्या ४७ झाली. अफवांच्या जागी खतावणी आली.

तिचा उपयोग पुढे अडचणीच्या वेळी झाला. २०२१ साली आरे वसाहतीत माणसांवर हल्ले झाले तेव्हा, दिसेल तो बिबट्या पकडण्याऐवजी, छायाचित्रांवरून नेमका प्राणी ओळखून त्यालाच पकडण्याचा प्रयत्न झाला. एकाच्या अपराधासाठी दुसऱ्याला जन्मभर पिंजऱ्यात डांबणे हे जसे अन्यायाचे, तसेच ते वस्तीसाठीही घातक आहे, कारण धोकादायक प्राणी बाहेरच राहतो. हे सारे केल्यावरही दुःख टळतेच असे नाही. २०२२ च्या दिवाळीत आरेमध्ये सोळा महिन्यांची एक मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. बिबट्याचे कौतुक करणाऱ्या प्रत्येक लेखात ही नोंद असली पाहिजे असे मला वाटते. खतावणीत केवळ जमेची बाजू लिहिणाऱ्याला आपण व्यापारी म्हणत नाही.

मग चांगले छायाचित्र म्हणजे काय? याचे उत्तर मला एका चित्रातच सापडले. आपल्या मुंबईचे नयन खानोलकर यांनी आरे वसाहतीत काढलेल्या एका छायाचित्राला २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध स्पर्धेत शहरी वन्यजीव विभागाचे पहिले पारितोषिक मिळाले. चित्रात एक अरुंद बोळ आहे, दोन्ही बाजूंना घरे आहेत, आणि त्या बोळातून एक बिबट्या रात्री आपल्या कामाला निघाल्यासारखा चालला आहे. त्यांनी दिव्यांची मांडणी अशी केली की बोळात एरवी जेवढा उजेड असतो तेवढाच वाटावा, आणि कॅमेरा असा बसवला की बिबट्याने सारी चौकट व्यापू नये. चित्रात घर आणि बिबट्या दोघांनाही जागा हवी होती. मनासारखे चित्र मिळायला चार महिने लागले. चार महिन्यांत त्यांनी प्राण्याला आमिष दाखवले नाही, त्याची वाट अडवली नाही. तो ज्या वाटेने जातो ती शोधली आणि थांबले. माझे ३८ सेकंद आणि त्यांचे चार महिने यांतला फरक मला लाजवून गेला.

आरेमध्ये वारली समाजाचे पाडे आहेत. त्यांच्या देवांत वाघोबा आहे आणि त्याची पूजा पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. रात्री अंगणात वाघ येऊन जातो हे त्यांना कॅमेऱ्याने सांगावे लागले नाही. ते लहान मुलांना अंधारात एकटे सोडत नाहीत आणि रात्री बाहेर पडताना बोलत-बोलत जातात. आम्ही डोंगराला भिडवून मजले चढवले, खिडकीतून दिसणाऱ्या हिरवाईचे जादा पैसे मोजले, पण त्या हिरवाईत राहणाऱ्याची रीत मात्र कोणाला विचारली नाही.

परदेशातही असे एक चित्र गाजले. लॉस एंजलिस शहरातील ग्रिफिथ पार्कमध्ये २०१२ साली एका कॅमेरा ट्रॅपमध्ये प्यूमा जातीचा एक नर दिसला. दोन अजस्र महामार्ग ओलांडून तो तेथे आला होता. स्टीव्ह विंटर या छायाचित्रकाराने वर्षाहून अधिक काळ खपून ‘हॉलीवूड’ या प्रसिद्ध अक्षरांच्या खालून जाणारा तो प्यूमा टिपला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये ते चित्र जगभर पोहोचले. ज्या शहराला आपल्या डोंगरात असा प्राणी असल्याचे ठाऊकही नव्हते, त्या शहरात पुढे प्राण्यांसाठी महामार्गावरून पूल बांधण्याची चळवळ उभी राहिली आणि २०२२ साली पुलाच्या कामाला प्रारंभ झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो प्यूमा गेला. एका चित्राने शहराची थैली उघडली, असे आपण व्यापाऱ्यांच्या भाषेत म्हणू शकतो.

वाईट छायाचित्रणाची यादी मात्र लांब आहे आणि तिच्यात माझे नाव पहिल्या पानावर आहे. गर्दी करून प्राण्याला घेरणे, डोळ्यांवर प्रखर दिवा मारणे, तो चांगला दिसावा म्हणून कोंबडी टाकणे, ठिकाणाच्या नावासह चित्र प्रसृत करणे. ऊसतोडणीच्या वेळी जुन्नर-नगरकडे फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. त्यांना उचलून, मांडीवर घेऊन छायाचित्रे काढण्याची हौस अनेकांना येते. आई बहुधा जवळच कोठेतरी दडलेली असते. वनखात्याची माणसे ती पिल्ले संध्याकाळी त्याच जागी परत ठेवतात आणि आई रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पण मध्ये माणसांची जत्रा भरली तर ती येणार कशी? आणि आणखी एक प्रकार म्हणजे जुनी चित्रफीत नव्या गावाच्या नावाने फिरवणे. मुदत उलटलेला चेक आपण वटवत नाही. मग तारीख नसलेली, ठिकाण नसलेली, कोणी काढली ते ठाऊक नसलेली चित्रफीत विश्वासाने पुढे का ढकलतो?

आता जे लिहायचे आहे ते घरातले असल्याने जरा अवघड आहे.

आमच्या रेकॉर्डिंग यंत्रात पंधरा दिवसांची नोंद राहते. हिशेबतपासनीस बसतो तसा मी चार रात्री बसलो आणि मागच्या कॅमेऱ्याच्या पंधराही रात्री पाहून काढल्या. बिबट्या तीनदा दिसला. तिन्ही वेळा त्याची वाट एकच होती: भिंत, पार्किंग, आणि मागच्या फाटकाशी असलेला सिमेंटचा कट्टा. त्या कट्ट्यावर रोज रात्री नऊ वाजता आमच्या सौ. भटक्या कुत्र्यांना पोळ्या आणि दूध घालतात. गेली अकरा वर्षे त्यात खंड पडलेला नाही. सुरुवातीला तीन कुत्री होती, आता चौदा आहेत. शेजारच्या दोन इमारतींतूनही तेथे उरलेसुरले येते. कुत्री खातात आणि तेथेच झोपतात.

अकोले तालुक्यात डॉ. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेथे जंगल नाही अशा बागायती शिवारात बिबट्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. मुंबईतही कुत्रा हे त्यांचे मोठे भक्ष्य आहे. २०१८ साली काही संशोधकांनी मांडलेल्या अंदाजानुसार उद्यानाच्या परिसरातील बिबटे वर्षाला सुमारे १५०० भटकी कुत्री खात असावेत, आणि त्यामुळे कुत्र्यांच्या चाव्यांचे प्रमाणही घटत असावे. अंदाज तो अंदाजच. पण आमच्या कट्ट्याचा अर्थ मला स्पष्ट दिसत होता. ज्याला आम्ही भूतदया म्हणत होतो, ते बिबट्याच्या दृष्टीने मांडून ठेवलेले ताट होते, आणि त्या ताटापासून पंधरा पावलांवर एका तीन वर्षांच्या मुलीचे अंथरूण होते.

हे मी घरी सांगितले तेव्हा सौ. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अहो, भुकेल्या तोंडाला घास घालायचा नाही, असं तुम्ही मला या वयात शिकवणार?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांना यंत्रापाशी नेले आणि तिसऱ्या नोंदीची रात्र दाखवली. त्या रात्री बिबट्या रिकाम्या तोंडाने परत गेला नव्हता. त्याच्या जबड्यात जे होते त्याला त्यांनी ओळखले. पांढऱ्या पायांचे ते पिल्लू त्यांच्याच हातून खाऊन मोठे झाले होते. त्यांनी यंत्र बंद करायला सांगितले. मला आजही वाटते की ते दाखवण्यात मी थोडा क्रूरपणा केला. पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच म्हणाल्या, “दया करायची तर तिचा शेवट कुठं होतो तेही बघायला हवं.”

तेव्हापासून कुत्र्यांचा घास सकाळी अकरा वाजता, पुढच्या फाटकाशी, रस्त्याच्या बाजूला घातला जातो. खाऊन झाले की जागा धुऊन टाकतात, उरलेले काही ठेवत नाहीत. चौदापैकी नऊ कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण प्राणिमित्रांच्या मदतीने झाले आहे. त्याचा खर्च सौ.नी आपल्या वार्षिक दानाच्या रकमेतून केला. मागचा कट्टा आम्ही तोडून टाकला.

प्रश्न तेवढ्याने सुटला नव्हता. सर्वसाधारण सभेत ठराव आला तो मागच्या भिंतीवर आणखी आठ कॅमेरे बसवण्याचा. तरुण सभासद उत्साहात होते. रंगीत, रात्रीही स्वच्छ दिसणारे, मोबाइलवर थेट चित्र देणारे कॅमेरे. दरपत्रकेही आली होती. मी खजिनदार म्हणून उभा राहिलो आणि विचारले, वॉचमनची पत्नी रात्री शौचाला कोठे जाते हे कोणाला ठाऊक आहे का? कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही दोन महिन्यांपूर्वी नव्हते. ती नाल्याकाठच्या झाडीत जात होती, मुलीला कडेवर घेऊन, कारण खोलीत एकटी ठेवायला भीती वाटे. बसलेला माणूस आणि कडेला उभे असलेले लहान मूल हे अंधारात बिबट्याला माणसासारखे दिसत नाही, असे वनपालांनी मला सांगितले होते. आठ कॅमेऱ्यांनी त्या दोघींची छायाचित्रे निघाली असती; संरक्षण झाले नसते.

सभा दीड तास चालली. एका सभासदाने, सोसायटीच्या खर्चाने नोकरांच्या सोयी कशाला, असेही विचारले. मतदान झाले. अखेर आठ कॅमेऱ्यांऐवजी दोन कॅमेरे, नाल्याच्या बाजूला तीन दिवे, कचऱ्याच्या पेट्यांना झाकणे, आणि वॉचमनच्या कुटुंबासाठी तळमजल्यावरची जुनी मीटररूम दुरुस्त करून खोली व लागून शौचालय, असा ठराव पाच मतांच्या अधिक्याने मंजूर झाला. एवढ्या अल्प बहुमताने मंजूर झालेल्या ठरावाची अंमलबजावणी घाईने करावी, हा बँकेतला धडा. पंधरा दिवसांत खोली तयार झाली.

वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, अशी विनंती आहे. आपल्या कॅमेऱ्यात बिबट्या दिसला तर घाबरू नये आणि समूहावरही टाकू नये. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे, मूळ चित्रफीत तारीख-वेळेसह जपून ठेवावी आणि मागितल्यास त्यांना द्यावी. वॉचमन, मोलकरीण, माळी यांना मात्र त्याच दिवशी तोंडी सांगावे, कारण धोका प्रथम त्यांना असतो. प्रत्यक्ष समोर आला तर पळू नये, वाकू नये. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. मुलांना अंधारात एकटे खेळू देऊ नये. पिंजरा लावण्याचा हट्ट धरू नये. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला त्रास देणे हा गुन्हा आहे आणि त्याला कधी पकडायचे हा निर्णय वनखात्याचा आहे. घरात छायाचित्रणाची आवड असलेली मुले असतील तर त्यांना रागावू नये. वनखात्याच्या आणि संस्थांच्या शिबिरांत पाठवावे, तेथे वाट पाहायला शिकवतात.

या फाल्गुनात एके रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी भिंतीवरून पुन्हा तीच सावली उतरली. पार्किंगमधून चालत ती कट्ट्याच्या जागी आली, जमीन हुंगली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. त्यानंतर आजवर ती आमच्या कॅमेऱ्यात आलेली नाही. मी सकाळी वॉचमनला सांगितले, वनपालांना चित्रफीत पाठवली आणि मोबाइल खिशात ठेवला.

संध्याकाळी नातू शेजारी येऊन बसला. त्याचा मित्र म्हणजे तोच मनगट मोडलेला मुलगा, त्यामुळे या प्रकरणात त्याला विशेष रस. “आजोबा, तोच आहे का हो?” त्याने विचारले. आम्ही दोघांनी कार्तिकातले चित्र आणि फाल्गुनातले चित्र शेजारी शेजारी लावले. खांद्याखाली, डाव्या बाजूला, तीन फुले एका रेषेत आणि चौथे जरासे तुटलेले. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. वळण तंतोतंत जुळत होते.

“आजोबा, ग्रुपवर टाकू?” नातवाने विचारले आणि माझ्याकडे पाहून स्वतःच हसला.